सगळ्यांना बसवून बोलतं करू का?

कारखान्यात मोठा अपघात झाला की समुपदेशक म्हणून मला मालकाचा किंवा मॅनेजरचा फोन येतो आणि प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यातून, आलेला फोन मला त्यासाठी नेहमी आठवतो. (माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

जुलैचा पाऊस होता. भट्टीत टाकलेलं भंगार आतून ओलं राहिलं होतं. सुमारे 1,400 अंशांच्या वितळलेल्या धातूच्या रसाखाली पाणी गेलं की त्याची क्षणात वाफ होते आणि ती पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. रस उसळला. तिघं भाजले, त्यातला एक अत्यवस्थ. तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. "मॅडम, उद्या सगळ्यांना शेडमध्ये बसवतो. एकदा काय ते बोलून, रडून घेऊ दे पोरास्नी. मग सोमवारी भट्टी चालू करू."

माणूस वाईट नव्हता. त्यांचाही आवाज कापत होता. मी म्हटलं, येते, पण असं बसवू नका.

ज्यानं डोळ्यांदेखत सोबती जळताना पाहिला, त्याला दोन-तीन दिवसांत चाळीस जणांसमोर ते पुन्हा सांगायला लावलं तर मन हलकं होतंच असं नाही. अशा एकाच बैठकीच्या सक्तीच्या बोलण्याचा अभ्यास झालेला आहे. त्यानं पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढतो. जागतिक आरोग्य संघटनाही तसं न करण्याचाच सल्ला देते. ज्याला बोलायचंय त्याचं ऐकावं, ज्याला गप्प बसायचंय त्याच्याजवळ नुसतं बसावं.

मग केलं काय? गेटजवळच्या चहाच्या टपरीवर बसले आणि एकेकाला विचारत गेले, "आत्ता काय नड आहे?" उत्तरं फार साधी होती. बिहारच्या एका पोराचा मोबाईल धावपळीत फुटला होता, तीन दिवस आईशी बोलणं नव्हतं. ठेकेदाराकडच्या लोकांना बंदच्या दिवसांचा पगार मिळणार की नाही, याची धास्ती होती. आणि सगळ्यांना टोचत होती ती कुजबुज: सीपीआर दवाखान्यात आहे त्याचं काय, चूक कुणाची. मालकांना मी दोन गोष्टी मागितल्या. बंदच्या दिवसांचा पगार मिळेल, हे त्यांनी स्वतः उभं राहून सांगावं. आणि दवाखान्यातली खरी बातमी सकाळ-संध्याकाळ एकाच माणसानं द्यावी, कळलेलं नसेल तर तसंही सांगावं. त्यांनी दोन्ही केलं. त्या दिवशी पोरांचे खांदे खाली आलेले मी पाहिले. माझ्या कुठल्याही समुपदेशनानं ते झालं नसतं.

सहाव्या दिवशी तो कामगार गेला. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, नोंद असेल तर कामावरच्या अपघाती मृत्यूनंतर अवलंबितांना मिळून पगाराच्या 90 टक्के दरानं दरमहा रक्कम मिळते. पण दुःखातल्या घराला कागद कुठून सुचणार? म्हणून ऑफिसमधला एक जण त्यांच्यासोबत अर्ज भरेपर्यंत फिरला. माझ्या मते मानसिक आधार हाच.

आणि तरीही माझ्या नजरेतून एक माणूस सुटला. भट्टीचे सुपरवायझर, सगळे त्यांना मामा म्हणायचे. वीज त्यांनीच तोडली, जखमींना त्यांनीच गाडीत घातलं, गावी जाऊन गेलेल्या कामगाराच्या बायकोला त्यांनीच सांगितलं. फॅक्टरी इन्स्पेक्टरसमोर जबाबही त्यांचाच. टपरीवर मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "माझं सोडा मॅडम, पोरांचं बघा." मी सोडलं. ती माझी चूक.

सहाव्या आठवड्यात मामांची बायको, काकूच त्यांना घेऊन आल्या. "रात्री तीनला उठून बसत्यात. परवा मी आमटीला फोडणी दिली, चर्र झालं, तर ताट तसंच टाकून भाईर पळाले."

मामा खाली बघत होते. "पोरं पुन्हा भट्टीवर हुभी ऱ्हायली, आनि मीच मागं सरकालोय. डोक्यात तेवढंच फिरालंय. ते भंगार मीच पास केलं हुतं. भित्रा झालो का ओ मी?"

"मामा, त्या दिवशी तुम्ही घाबरला असता तर आणखी दोघं गेले असते. तेव्हाची भीती तुम्ही बाजूला ठेवली होती. ती आता आलीय."

बराच वेळ ते रडले. मग मी यार्डबद्दल विचारलं. भंगार उघड्यावर पडायचं, वर पत्रा नव्हता, तापवून सुकवायची सोय नव्हती. पत्रा त्यांनी दोनदा मागितला होता. त्यांची जबाबदारी मी पुसून टाकली नाही, ते त्यांना पटलंही नसतं. पण त्या ओझ्यात बाकीच्यांचाही वाटा आहे, हे त्यांना दिसू लागलं.

पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं, तेच तेच दिसणं बहुतेकांना होतं आणि ओसरतं. महिना उलटूनही तेच चालू असेल, माणूस जागा किंवा आवाज टाळत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायलाच हवं. मरणाचे विचार येत असतील तर महिन्याचीही वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत, फुकट बोलता येतं. मामांना मी तज्ज्ञांकडे पाठवलं. कामावरही टप्प्यानं नेलं: आधी नुसतं यार्ड, मग भट्टी थंड असताना, मग रस ओतताना शेजारी दुसरा सुपरवायझर.

दिवाळीच्या आधी ते पुन्हा भट्टीवर उभे राहिले. यार्डवर पत्रा आला होता. भंगाराची बकेट ते अजून दोनदा बघतात, त्याला मी आजार म्हणत नाही. आणि काकू अजूनही फोडणी देण्याआधी स्वयंपाकघरातून हाक देतात, "टाकालोय बरं का ओ!"