‘ए’वाली की ‘ई’वाली?

प्रश्न: दादरला आमच्या गल्लीतल्या दुकानाच्या पाटीवर ‘स्टेशनरी’च्या शेवटी ‘एआरवाय’ लिहिलंय. मुलगी म्हणते, चूक आहे. खरं काय?

उत्तर: मुलीचं बरोबर. ‘ए’वाली म्हणजे जागची न हलणारी, वह्या-पेनांची ती ‘ई’वाली. पण दुकानदाराला हसू नका, मूळ एकच: लॅटिन ‘स्टाटिओ’, म्हणजे उभं राहणं, ठाणं. आपला ‘स्थिर’सुद्धा त्याच गोतातला. मध्ययुगीन युरोपात फेरीवाले माल घेऊन हिंडायचे. विद्यापीठाशेजारी ठाण मांडून पुस्तकं विकणारा तो ‘स्टेशनर’. लंडनमधला त्यांचा संघ १४०३ सालचा. अशा दुकानातला माल, ती स्टेशनरी. मी शाळेत ‘एन्व्हलपचा ई’ असं घोकलं होतं. आता अब्दुल रहमान स्ट्रीटवर वह्या आणायला गेलो की गर्दीत मीच ‘ए’वाला होतो!