हरलेल्या हंगामानंतर

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात ग्वाल्हेरहून आलेली तीन पत्रे एकाच विषयावरची आहेत. तिन्ही पत्रे शहरातल्या एकाच महाविद्यालयाच्या हॉकी संघाबद्दल असून यंदाचा त्याचा हंगाम फार वाईट गेला. मी या शहरात अनेक वर्षे पंच म्हणून उभा राहिलो आहे आणि त्या संघाचे दोन सामने यंदा स्वतः पाहिले आहेत, त्यामुळे या वेळी इतर विषयांची पत्रे बाजूला ठेवून या तिघांनाच उत्तरे देत आहे. महाविद्यालयाचे व पत्रलेखकांचे नाव दिलेले नाही.

प्रश्न : मी लष्कर भागात राहतो आणि बँकेतून निवृत्त झालो आहे. १९७८ ते १९८१ या काळात मी ज्या महाविद्यालयाकडून लेफ्ट हाफ (मधल्या फळीतला डावीकडचा खेळाडू) म्हणून खेळलो, त्याचे सामने आम्ही चार मित्र आजही न चुकता पाहतो. यंदा सातपैकी पाच सामने हरलो, एक बरोबरीत सुटला आणि एकच जिंकलो. शेवटच्या सामन्यात दोन गोलांची आघाडी असताना अखेरच्या १५ मिनिटांत तीन गोल खाल्ले. तिसरा गोल झाल्यावर मी उभा राहून गोलरक्षकाला नको ते बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज बाडा चौकाजवळ तोच मुलगा सायकलच्या हँडलला दुधाच्या पिशव्या लावून जाताना दिसला. त्याने मला ओळखले, ‘नमस्ते दादाजी’ म्हणाला, आणि मला मान वर करता आली नाही. तरीही माझा राग गेलेला नाही. या मुलांना जिंकण्याची भूकच उरलेली नाही, असे माझे मत आहे. पुढच्या वर्षीपासून सामन्यांना जायचे नाही असे आम्ही चौघांनी ठरवले आहे. आमचे चुकते आहे का?

उत्तर : आपला राग मला परका नाही. ज्या जर्सीसाठी आपण गुडघे फोडून घेतले, ती जर्सी सहा-सहा सामने मान खाली घालून मैदानाबाहेर येते, हे चाळीस वर्षांनंतरही सोसत नाही, आणि ते सोसू नये असेच मला वाटते. ज्याला काहीच वाटत नाही तो पत्र लिहीत नाही. परंतु हा राग ज्याच्यावर निघाला तो त्याला कारण नव्हता, हे मला आपल्याला स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

त्या सामन्याला मीही होतो, आपल्या समोरच्या बाजूला, गोलाच्या मागे. तिसरा गोल होण्याआधी चेंडू आपल्या पंचवीस यार्डांच्या रेषेजवळ राइट हाफच्या स्टिकवरून निसटला. तो मुलगा मागे वळला, पण त्याला धावता येईना. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून तो क्षणभर तसाच उभा राहिला. बचाव फळीतल्या दोन फुलबॅकांपैकी एक पुढे अडकलेला होता, त्यामुळे समोरून तिघे आले आणि त्यांच्यापुढे एक फुलबॅक आणि गोलरक्षक एवढेच उरले. गोलरक्षक योग्य वेळी पुढे आला, पहिला फटका त्याने पायाने अडवलाही, पण परत आलेला चेंडू उचलायला तिथे आपले कोणी नव्हते. त्याच्या डाव्या किकरचा (गोलरक्षकाच्या पायावरच्या संरक्षक आवरणाचा) पट्टा तुटलेला होता आणि तो सुतळीने बांधलेला मी जवळून पाहिला. अडवलेला चेंडू बाजूला न जाता पुढ्यातच का पडला, याचे उत्तर काही अंशी त्या सुतळीत आहे.

आता बाकाकडे पाहू. त्या दिवशी आपल्या बाकावर दोनच बदली खेळाडू होते, तर समोरच्या संघाकडे सहा. आपण खेळत होतात तेव्हा ३५ मिनिटांचे दोन डाव असत आणि ऑफसाइडचा (चेंडूच्या आधी समोरच्या बचाव फळीपलीकडे जाऊन थांबू न देणारा) नियम होता, त्यामुळे हाफला दम खायला अधूनमधून उसंत मिळे. ऑफसाइड १९९० च्या दशकात गेला, आता १५ मिनिटांचे चार भाग असतात आणि खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. म्हणूनच आजचा खेळ सतत वेगाने चालतो आणि तो अठरा जणांच्या जोरावर खेळावा लागतो. तेरा मुले घेऊन आलेला संघ चौथ्या भागात कोसळणारच. ज्या संघाने पहिली पंचेचाळीस मिनिटे दोन गोलांची आघाडी टिकवली, त्याला भूक नव्हती असे मी म्हणू शकत नाही, आणि पहाटे दूध पोचवून मग सरावाला जाणाऱ्या मुलाविषयी आपणही ते म्हणू नये.

गोलरक्षकावर राग काढण्याची आपली जुनी सवय आहे आणि तिची किंमत आपल्याच प्रांतातल्या एका माणसाने मोजली आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला ७-१ असे हरवले तेव्हा सगळा दोष मीर रंजन नेगी यांच्या माथी मारला गेला. इंदूरला घर असलेल्या या गोलरक्षकावर देशाशी बेइमानी केल्याचे आरोपसुद्धा झाले. सात गोल होईपर्यंत मधली फळी आणि बचाव फळी कुठे होती, हा प्रश्न विचारणारे थोडेच होते. तेच नेगी १९९८ मध्ये बँकॉकला सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या गोलरक्षकांचे प्रशिक्षक होते. आशियाई स्पर्धेतले हॉकीचे सुवर्ण भारताला त्याआधी १९६६ मध्ये मिळाले होते. म्हणजे सोळा वर्षे तो ठपका बाळगून तो माणूस पुन्हा भारतीय संघाबरोबर उभा राहिला. आपल्या शिव्या ऐकणारा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा आहे, त्याला पगार नाही, आणि पुढच्या सोळा वर्षांचा धीर त्याच्याकडे असेलच असे नाही.

हंगाम हरला तो सामन्यांच्या दिवशी नव्हे, जुलै-ऑगस्टमध्ये. या संघाचा सराव खडबडीत मातीच्या मैदानावर होतो आणि सामने टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, होतात. मातीवर चेंडू उसळतो आणि मंदावतो, म्हणून खेळाडू त्याला थोडे थांबून, स्टिक सैल धरून घ्यायला शिकतो. टर्फवर तोच चेंडू सरपटत येतो आणि थांबणाऱ्याच्या पुढून निघून जातो. १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम पृष्ठभागावर खेळली गेली आणि तोवर सात सुवर्णपदके जिंकलेला भारत सातव्या स्थानावर आला. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंना जे जमले नाही, ते आठवड्यातून जेमतेम एकदा टर्फवर पाय ठेवणाऱ्या मुलांकडून आपण मागतो आहोत.

हे ग्वाल्हेरमध्ये घडावे याचे मला जास्त दुःख होते. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा २४-१ असा पराभव झाला, त्यात एकट्याने १० गोल करणारे कॅप्टन रूपसिंग या गावात राहिले आणि याच गावात १९७७ मध्ये गेले. त्यांच्या नावाचे स्टेडियम मुळात हॉकीचे. आज ते लोकांना आठवते ते २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने तिथे केलेल्या नाबाद २०० धावांमुळे. त्या द्विशतकाचा आनंद मलाही झाला होता. पण गावातली मोठी जागा हॉकीकडून गेली आणि महाविद्यालयांच्या मुलांना सरावासाठी मैदान मिळेना, हेही त्याबरोबर लक्षात ठेवले पाहिजे. शहरातल्या कंपू भागात २००६ पासून राज्याची महिला हॉकी अकादमी आहे, रेल्वेचे हॉकी स्टेडियम आहे. टर्फ गावात नाही असे नाही, महाविद्यालयाने त्यासाठी वेळ मागून घ्यावा लागतो, शुल्क भरावे लागते, मुलांना तिथवर पोचवावे लागते. हे काम कोणीतरी अंगावर घेतल्याशिवाय होत नाही.

आपण विचारले आहे की सामन्यांना जाणे सोडावे का. सोडू नका. २००८ मध्ये सँटियागोच्या पात्रता स्पर्धेत ब्रिटनकडून हरून भारत १९२८ नंतर पहिल्यांदाच ऑलिंपिकबाहेर राहिला आणि २०१२ मध्ये लंडनला बारा संघांत बारावा आला, तेव्हा पुष्कळ लोकांनी हॉकी पाहणे सोडले. त्यांनी तोंड फिरवल्याने संघ सुधारला नाही. २०१८ पासून ओडिशा सरकारने संघाला पैशाचे पाठबळ दिले, परदेशी प्रशिक्षकांच्या हाताखाली शारीरिक तयारीवर वर्षानुवर्षे काम झाले, आणि मग टोकियोत जर्मनीवरच्या ५-४ अशा विजयाने ४१ वर्षांनंतर पदक आले. त्या संघात इटारसीजवळच्या गावातला, भोपाळच्या अकादमीत तयार झालेला विवेक सागर प्रसादही होता.

आपण चौघेही माजी खेळाडू आहात, त्यामुळे आपला शब्द प्राचार्यांपर्यंत पोचतो. विद्यार्थ्यांचा पोचत नाही. तेव्हा जूनमध्येच लेखी अर्ज द्या आणि त्यात तीनच गोष्टी मागा : गोलरक्षकाचे पूर्ण साहित्य, आठवड्यातून किमान तीन दिवस टर्फ, आणि अठरा मुलांचा संघ. ‘संघाची कामगिरी सुधारावी’ असे मोघम लिहू नका, त्या अर्जावर सही होते आणि तो फायलीत जातो. साहित्याची किंमत दुकानातून लिहून आणून अर्जाला जोडा. महाविद्यालयाने पैसे नाहीत असे सांगितले, तर निदान किकरची एक जोडी चौघांना मिळून घेता येईल. आणि ती जोडी आपण स्वतः त्या मुलाच्या हातात द्या. त्या दिवशी मी चुकीचे बोललो, एवढे त्याला त्याच वेळी सांगा. त्याने आपल्याला नमस्कार आधीच केलेला आहे, त्यामुळे अवघड वाटू नये.

प्रश्न : मी त्याच महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही मैत्रिणी सगळे सामने पाहतो. आपल्या संघाला पेनल्टी कॉर्नर भरपूर मिळतात, पण त्यातून गोल जवळजवळ होतच नाहीत आणि समोरच्यांचे मात्र होतात. हे नशीब आहे की आणखी काही?

उत्तर : नशिबाचा भाग फार थोडा आहे. पेनल्टी कॉर्नरला बचाव करणारे गोलरक्षकासह पाचच जण गोलरेषेमागे असतात, बाकीच्यांना मध्यरेषेपलीकडे जावे लागते. आक्रमकाला मिळणारी इतकी मोठी सवलत हॉकीत क्वचितच दुसरी असेल, म्हणूनच ती वाया गेली की जिवाला लागते.

चेंडू गोलखांबापासून १० मीटर अंतरावरून, मागच्या रेषेवरून आत ढकलला जातो. तो डीच्या, म्हणजे गोलासमोर आखलेल्या अर्धवर्तुळाच्या, बाहेर गेला पाहिजे, तिथे एकाने तो अडवायचा आणि दुसऱ्याने मारायचा. पहिला फटका सरळ हिट असेल तर तो गोलाच्या फळीच्या उंचीएवढा, म्हणजे ४६० मिलिमीटरपर्यंतच राहिला पाहिजे. ड्रॅग फ्लिकला, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत आणून भिरकावण्याला, ही मर्यादा नाही, म्हणून चांगला फ्लिकर वरचा कोपरा शोधतो. डीची त्रिज्या १४.६३ मीटर आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू ते अंतर अर्ध्या सेकंदाच्या आसपास कापतो. पण हे सगळे घडायचे तर ढकलणारा आणि अडवणारा यांची जोडी पक्की हवी. चेंडू अडवताना हातभर जरी उसळला, तरी समोरून धावत येणारा पहिला बचावपटू अंगावर पोचलेला असतो.

मी पाहिलेल्या दोन सामन्यांत आपल्या संघाला नऊ पेनल्टी कॉर्नर मिळाले आणि त्यांतल्या सहांत गोलावर फटकाच गेला नाही, कारण चेंडू अडवणाऱ्याच्या स्टिकवरून उडाला. फ्लिकरला लोक नावे ठेवतात, पण त्याच्यापर्यंत चेंडू नीट आलाच नाही. मातीवर सराव करणाऱ्याला टर्फवरचा वेगवान चेंडू थोपवता येत नाही, हे वर लिहिलेच आहे. पुढच्या हंगामात तुम्ही मैत्रिणींनी एक वही ठेवा. प्रत्येक पेनल्टी कॉर्नरला चार रकाने करा : चेंडू सरळ आला का, अडला का, फटका गेला का, गोल झाला का. हंगाम संपताना ती वही प्रशिक्षकांना द्या. आमच्या वेळी अशी वही कोणी ठेवली असती, तर आमचे पुष्कळसे वाद झालेच नसते.

प्रश्न : माझा मुलगा या संघात खेळतो. हरल्यापासून गल्लीतले लोक आणि आमचे नातेवाईकही टोमणे मारतात. तो कोणाशी बोलत नाही, नीट जेवत नाही. त्याचे वडील म्हणतात, खेळ सोडव आणि अभ्यासाला बसव. मी काय करू?

उत्तर : ताई, हरल्यानंतरच्या आठवड्यात खेळ सोडण्याचा निर्णय घेऊ नका आणि त्यालाही घेऊ देऊ नका. परीक्षा होऊ द्या, मग त्यालाच विचारा. तो सोडतो म्हणाला तर सोडू द्या, मात्र टोमण्यांमुळे सोडतो आहे की मन उडाले म्हणून, एवढे समजून घ्या. नातेवाइकांना आपण स्वतःच सांगा की घरात या विषयावर बोलायचे नाही; हे त्याच्या वडिलांनी सांगितले तर अधिक चांगले. दोन आठवड्यांनंतरही झोप आणि जेवण रुळावर आले नाही तर डॉक्टरांना दाखवा, त्यात संकोच बाळगू नका.

आणि सामन्यावरून आला की ‘काय झालं?’ असे विचारू नका; निकाल त्याच्या चेहऱ्यावर दिसतोच. टर्फवर घसरल्याने गुडघ्याची आणि कोपराची साल निघते, आणि मुले ती जखम पँटच्या आत झाकून ठेवतात. ती आधी साबण-पाण्याने धुवून घ्या, मग ताट वाढा.