आधी डीड वाच

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. १९६१ च्या आयकर कायद्यातली धर्मादाय संस्थांच्या करमाफीची ११, १२, १३ ही कलमं घोटून पाठ केलीस आणि १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू, म्हणून सगळी मेहनत पाण्यात गेली असं तुला वाटतंय. कलमांचे आकडे बदलले, हे खरं. उत्पन्नातले ८५ टक्के उद्देशांवर खर्च करायचा नियम मात्र कायम आहे, आणि संस्थेची डीड, म्हणजे ती स्थापन करणारा विश्वस्त दस्त, तर अक्षरानेही हललेली नाही. ती तू वाचलीस का? तुझ्या अख्ख्या पत्रात तिचा उल्लेख नाही, म्हणून विचारतोय.

फाइल आली की ताळेबंद उघडू नकोस. आधी मूळ डीड, नंतरच्या दुरुस्त्या, धर्मादाय आयुक्तांनी कारभाराची योजना, म्हणजे स्कीम, ठरवून दिली असेल तर तिचा आदेश आणि धर्मादाय कार्यालयातल्या पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीचा, ताजा उतारा मागव. महाराष्ट्रात १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या सोसायटीचीही धर्मादायकडे नोंद असते, तेव्हा तिची घटना आणि नियमावली घे. मग उताऱ्यावरची विश्वस्तांची नावं आणि आयकराच्या अर्जावर सही करणाऱ्यांची नावं जुळव. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला तो बदल कळवायचा, म्हणजे चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो दिलेला नसतो, किंवा दिलेला असून वर्षानुवर्षं पडून असतो. मिळकत विकलेली असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ ची पूर्वपरवानगी शोध.

आता उद्देश. डीडमध्ये शाळा चालवणं एवढंच लिहिलंय आणि संस्था दवाखाना चालवतेय, असं सर्रास दिसतं. काम चांगलंच असतं. पण उद्देशाबाहेरचा खर्च त्या ८५ टक्क्यांत धरला जात नाही, मग बेरीज कितीही बिनचूक असो. ‘उद्देश वाढवू’ असं विश्वस्त सहज म्हणतात. तसा अधिकार डीड देते का? नसेल तर विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ५०-अ खाली स्कीमचा मार्ग आहे. उद्देश बदलल्यावर ३० दिवसांत आयकर खात्याकडे नव्याने अर्ज हवा. नवे उद्देश नोंदणीच्या अटींत बसत नसतील आणि अर्ज केलाच नाही किंवा तो फेटाळला गेला, तर मालमत्तेच्या बाजारभावातून देणी वजा करून उरलेल्या रकमेवर सर्वोच्च दराने कर बसतो. पन्नास वर्षांची संस्था एका ठरावाने बुडू शकते. म्हणून डीड वाच.

खर्च न झालेली शिल्लक पाच वर्षांसाठी साठवायच्या अर्जातही तेच. सगळे उद्देश जसेच्या तसे उतरवून काढू नकोस. कोणतं काम, किती रक्कम, कधीपर्यंत, हे ठरावात आधी यायला हवं.

पेन्शन फंडांबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, तीही कंटाळून. ते बरं नाही. या कामात सर्वांत जास्त जबाबदारी तिथेच आहे. मान्यताप्राप्त सुपरॲन्युएशन फंड, म्हणजे कंपनीने कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीसाठी काढलेला पेन्शन फंड, अपरिवर्तनीय ट्रस्टखाली असावा लागतो आणि त्या उद्योगाचे किमान ९० टक्के कर्मचारी भारतात कामाला असावे लागतात. फंडाच्या नियमांत बदल झाला की विश्वस्तांनी तो आयकर खात्याला ताबडतोब कळवायचा. नाही कळवला तर बदल अमलात आला त्या दिवसापासून मान्यता गेली असं धरलं जातं, अधिकाऱ्याने वेगळा आदेश दिला तरच वाचते. एचआरने पेन्शनचं सूत्र परिपत्रक काढून बदललेलं असतं आणि डीडला त्याचा पत्ता नसतो. फंड बंद करताना उरलेला पैसा कंपनीकडे परत जाईल असं कलम दिसलं, तर तिथेच थांब आणि लेखी हरकत घे. फी कंपनी देते, पैसा कामगारांचा असतो. तुझा पक्षकार कोण, हेही डीडच सांगते.

हा माझा हट्ट आहे, हे मला माहीत आहे. डीड दाखवायला का-कू करणाऱ्यांची कामं मी नाकारली, उत्पन्न कमी राहिलं, आणि आजही मला ते बरोबरच वाटतं. कंपन्यांच्या कामात पैसा जास्त आहे. तुला तिकडे जायचं असेल तर खुशाल जा. पण ‘इथे शिकण्यासारखं काही उरलं नाही’ हे कारण देऊ नकोस. ते खोटं आहे.

तुझ्या पत्रासोबत पाठवलेल्या मसुद्यात ज्या फंडाबद्दल मत दिलंस, त्याची मूळ डीड, सगळ्या दुरुस्त्या आणि मान्यतेचा आदेश तारखेप्रमाणे लाव. प्रत्येक दुरुस्तीसमोर ती खात्याला कधी कळवली ते लिही. जिथे रकाना रिकामा राहील तिथलं मत खोडून टाक, आणि मग मला पाठव.