रविवारच्या उपासनेत रॅप चालेल का?

प्रश्न : जय ख्रिस्त ताई. नगरला आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ आहे, आम्ही पंधरा-सोळा जण. आमच्यातला एक जण भारी रॅप करतो, स्वतः लिहितो, तेही मराठीत. तरुणांच्या रविवारी उपासनेत त्याला एक रॅप करू द्या असं पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले विचार करून सांगतो, आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी दोघांनी तर सरळ सांगितलं की हे स्टेजवर करा, वेदीसमोर नको. अमेरिकेत चर्चमधे रॅप होतोच ना, मग आपल्याकडे काय प्रॉब्लेम आहे?

उत्तर : जय ख्रिस्त. होतो ना, पण अमेरिकेत जे होतं त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण इथे बसून त्या एकत्र करतो, म्हणून आधी त्या सोडवून घेऊ.

एक आहे ऐकायचा ख्रिस्ती रॅप. लक्रे तुम्हाला माहीत असणारच, ह्यूस्टनचा रॅपर. २००४ मधे त्याने मित्राबरोबर रीच रेकॉर्ड्स हे म्युझिक लेबल काढलं, त्यांची टोळी स्वतःला ११६ म्हणवते, म्हणजे रोमकरांस पत्र, पहिला अध्याय, ओवी म्हणजे वचन १६, मला सुवार्तेची लाज वाटत नाही ती. २०१३ ला त्याच्या ‘ग्रॅव्हिटी’ला बेस्ट गॉस्पेल अल्बमचं ग्रॅमी मिळालं आणि २०१४ चा ‘अ‍ॅनोमली’ तर अमेरिकेतल्या खपाच्या अल्बमांच्या, बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या नंबरवर उतरला. मला तो मनापासून आवडतो. पण हे सगळं कॉन्सर्टचं आणि हेडफोनचं संगीत आहे, तो बोलतो आणि आपण ऐकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रॅपमधली उपासना, आणि ती खूप कमी लोकांनी केली. हिप हॉपचा, म्हणजे रॅप ज्याचा भाग आहे त्या चळवळीचा, जन्म धरतात ११ ऑगस्ट १९७३ चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका बिल्डिंगमधल्या पार्टीत. त्याच ब्राँक्समधे, मॉरिसेनियाच्या ट्रिनिटी एपिस्कोपल चर्चमधे, २००४ ला फादर टिमोथी होल्डर यांनी हिप हॉप मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, सुरू केली आणि कर्टिस ब्लो, म्हणजे ज्याचं रॅप १९८० मधे गाजलं तो, त्यांच्या मदतीला होता. तिथे त्यांनी असं नाही केलं की नेहमीची उपासना चालू आहे आणि मधेच एक मुलगा माईक घेऊन पाच मिनिटं रॅप करून गेला. उपासनेचा क्रम तोच ठेवला, वाचन, प्रार्थना, प्रभुभोजन सगळं जागच्या जागी, फक्त भाषा आणि ठेका त्या गल्लीतल्या पोरांचा, आणि उत्तर द्यायला सगळी मंडळी.

तुमच्या पंचांना नेमकं हेच खटकत असेल असं मला वाटतं, त्यांना ते शब्दात मांडता येत नसेल एवढंच. मी एकदा एका तरुण उपासनेला गेले होते, मुलगा खरंच चांगला होता, लिहिलेलंही चांगलं होतं, पण तो बोलत राहिला आणि दीडशे माणसं हाताची घडी घालून बसून राहिली, शेवटी टाळ्या. उपासनेत टाळ्या पडल्या की मला आत कुठेतरी टोचतं, कारण त्याचा अर्थ मंडळीचं प्रेक्षक झालं. रॅपची खरी अडचण बीट नाही आणि कपडेही नाहीत, अडचण ही की रॅप मूळचा एकट्याचा आहे आणि उपासना सगळ्यांची.

आता यातून वाट आहे. १९९७ चं कर्क फ्रँकलिन आणि गॉड्स प्रॉपर्टीचं ‘स्टॉम्प’ ऐका, सॉल्ट-एन-पेपा या रॅप ग्रुपमधली शेरिल जेम्स त्यात रॅप करते पण थोडासाच, बाकी गाणं गॉड्स प्रॉपर्टी हा डॅलसच्या तरुण पोरापोरींचा कॉयर खांद्यावर घेऊन जातो. आणि त्याहून सोपी वाट आपल्या हातातल्या पवित्र शास्त्रात आहे, स्तोत्र १३६ काढा. २६ ओव्या आहेत आणि प्रत्येक ओवीचा शेवट एकच, त्याची दया सनातन आहे. म्हणजे एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं अशीच त्याची बांधणी आहे. तुमच्या मित्राने अर्धी ओवी रॅपमधे म्हणावी आणि मंडळीने, आज्यांसकट, टाळी देत उत्तर द्यावं. पहिल्या चार ओव्यांत लोक बिचकतील, पाचवीला आवाज चढेल. ठेका मिनिटाला ८५-९० ठोक्यांच्या वर नेऊ नका, नाहीतर म्हातारी माणसं मागे पडतात आणि एकदा मागे पडली की गप्प होतात.

मग त्याने स्वतः लिहिलेलं कुठे जाणार? ते जाणार विलापात, म्हणजे देवापुढे दुःख मांडायच्या प्रार्थनेत. आपल्या हल्लीच्या वर्शिप गाण्यांत सगळं आनंद, विजय, हालेलुया, आणि दुःख कुठेच नाही, हे मला फार जाणवतं. स्तोत्र १३ ची सुरुवातच ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ अशी आहे. आपली हालत तोंडावर सांगणं रॅपला छान जमतं, त्यामुळे पाऊस नाही, फी भरायची राहिलीय, भरतीचा निकाल लागत नाही, हे तो दोन कडव्यांत म्हणू दे आणि दर कडव्यानंतर सगळ्यांनी मिळून कोठवर, कोठवर एवढंच म्हणावं. कडवं त्याचं, धृपद मंडळीचं. हे कागदावर लिहून पाळकसाहेबांना आधी वाचायला द्या, आणि त्या दोन पंचांनाही द्या, चोरून नको.

अजून एक, दगडी चर्च असेल तर आवाज घुमतो आणि रॅपचे शब्द त्यात पार विरघळतात. बेस कमी करा, स्पीकर लोकांच्या जवळ ठेवा, शनिवारी एकाला शेवटच्या बाकावर बसवून प्रॅक्टिस करा. शब्द कळले नाहीत तर काहीच पोचलं नाही.

प्रश्न : मी पुण्यातल्या एका मंडळीत पस्तीस वर्षं उपासना संगीत गातोय. ना. वा. टिळकांची भजनं असताना शिव्यागाळी आणि दारूच्या दुनियेतून आलेलं हे संगीत देवाच्या घरात कशाला, असं मला कळकळीने विचारावंसं वाटतं.

उत्तर : काका, तुमची कळकळ पोचली आणि टिळकांची भजनं माझीही जीव की प्राण आहेत, ती सुटायला नकोतच. पण थोडं मागे जाऊन बघूया. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्याआधी आणि तेव्हाही चर्चमधे इंग्रजी चालीवर बसवलेली भाषांतरित गीतं भरपूर होती. त्यांनी अभंग आणला, भजन आणलं, कीर्तन केलं, आणि हे सगळं कुठून आणलं तर वारकऱ्यांकडून, तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते स्वतःच सांगत. त्यांच्याही आधी, १६१६ मधे, गोव्यात फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते ओवी छंदात. मराठी ख्रिस्ती माणसाने आपल्या आसपासच्या लोकांच्या तोंडातला छंद नेहमीच घेतलाय.

आणि मूळ जागेबद्दल म्हणाल तर अमेरिकन गॉस्पेलचे, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांचे, जनक म्हणतात ते थॉमस डॉर्सी आधी ब्लूजवाले, म्हणजे चर्चबाहेरच्या ऐहिक गाण्यांतले, गायिका मा रेनीबरोबर पियानो वाजवायचे, त्यांची गाणी पहिल्यांदा कित्येक चर्चनी दारातूनच परत पाठवली. १९३२ मधे बायको आणि नवजात बाळ दोन्ही गेले, त्या दुःखात त्यांनी जे गीत लिहिलं ते आज जगभर अंत्यविधीला गातात. शिव्या असलेलं रॅप मीही घरात लावू देत नाही. पण माझी तुम्हाला एक विनंती आहे, तुमच्या मंडळीतल्या मुलांना अभंगाची मोजणी शिकवा, सहा सहा सहा चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. रॅप करणारं पोर यमकासाठी जीव टाकतं, ते तुमच्यापाशी बसेल, आणि तुमच्याइतकं नीट हे त्याला दुसरं कोण शिकवणार?

प्रश्न : यूट्यूबवरची फ्री बीट, म्हणजे रॅपखालचा तयार ठेका, उपासनेत वापरली तर चालते का?

उत्तर : फ्री लिहिलेलं असलं तरी खालची माहिती वाचा, बहुतेक वेळा ती फक्त पैसे न कमावता वापरायला फ्री असते आणि बनवणाऱ्याचं नाव द्यावं लागतं. उपासना लाइव्ह करून चॅनलवर टाकणार असाल तर त्याला मेसेज करून विचारा किंवा थोडे पैसे देऊन लायसन्स घ्या. पण तुमच्याकडे ढोलकी वाजवणारा कोणी असेल तर बीट लागतेच कशाला, त्याला आठ मात्रांचा एक साधा ठेका धरायला सांगा आणि रॅप त्यावर बसवा, मंडळीला टाळी धरायलाही तोच सोपा जातो.