खर्च आणि मृत्यू एकाच प्रश्नात विचार

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. खासदारांसाठी तू लिहिलेल्या रस्ते अपघातांच्या प्रश्नाला आलेलं मंत्रालयाचं उत्तर सोबत जोडलंस ते बरं केलंस, नाहीतर मी नुसत्या तुझ्या वैतागावर भिस्त ठेवली असती. ‘(क) ते (ङ)’ असं लिहून पाच उपप्रश्न एका परिच्छेदात गुंडाळलेत. अपघातांना अतिवेग, मोबाइल, मद्यपान अशी ‘विविध कारणं’ आहेत म्हणे. शेवटी शिक्षण, अभियांत्रिकी, अंमलबजावणी आणि आपत्कालीन सेवा ही चौकडी हजर. असली उत्तरं मी इतकी वाचलीत की मजकूर न बघता म्हणून दाखवेन.

यावरून तू ठरवून टाकलंस की रस्त्यांबद्दल संसदेत विचारणं व्यर्थ आहे आणि खासदारांचं काम सोडून सल्लागार कंपनीत डॅशबोर्ड बनवायला जावं. जायचं तर जा. पण आधी तुझाच प्रश्न पुन्हा काढून वाच. पाचही भागांत तू अपघात विचारलेस. खर्चाचा प्रश्न वेगळा दिलास, आणि कुठले प्रश्न घ्यायचे ते ठरवणाऱ्या सोडतीत तो निघालाच नाही. मग उत्तरात पैसा कुठून येणार?

खर्च आणि मृत्यू एकाच प्रश्नात विचार. मी दिल्लीत खासदारांचे प्रश्न लिहून देत होतो तेव्हा या एका वाक्यावरून माझी टिंगल व्हायची. अजूनही माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढंच आहे.

आपल्या संसदेत या दोन गोष्टींची गाठच पडत नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? पैसा एका दारातून येतो. रस्ते वाहतूक मंत्रालयाची २०२५-२६ची तरतूद सुमारे २.८७ लाख कोटी रुपयांची होती. अनुदानाच्या मागण्या, म्हणजे मंत्रालयाने खर्चासाठी मागितलेल्या रकमा, स्थायी समिती तपासते, पण सभागृहात त्यांच्यावर चर्चा होईलच असं नाही. चर्चेची वेळ संपून गिलोटिन लागलं की बाकीच्या साऱ्या मागण्या एका दमात मंजूर. २०२३ साली तर लोकसभेने सगळ्याच मागण्या चर्चेविना संमत केल्या. झालेल्या खर्चाची झडती कॅग, म्हणजे देशाचा महालेखापरीक्षक, घेतो आणि त्याचा अहवाल संसदेच्या लोकलेखा समितीकडे जातो.

मृत्यू दुसऱ्या दारातून येतात. मंत्रालयाच्या वार्षिक अपघात अहवालात ते राज्यवार, वाहनवार, वयोगटवार मांडलेले असतात. २०२२मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली, त्यातली ६१,०३८ राष्ट्रीय महामार्गांवर. आपल्या एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्ग दोन-अडीच टक्के, आणि मृत्यू मात्र छत्तीस टक्के. म्हणजे जिथे केंद्राचा पैसा सर्वाधिक ओतला जातो तिथेच किलोमीटरमागे माणसं सर्वाधिक मरतात. हे दोन तक्ते शेजारी ठेव, असं सरकारला कुणी बजावून सांगत नाही.

भारतमाला या केंद्राच्या महामार्ग योजनेचंच घे. ऑगस्ट २०२३मध्ये कॅगचा अहवाल पटलावर आला. २०१७ साली ३४,८०० किलोमीटरसाठी ५.३५ लाख कोटी मंजूर झाले होते. मार्च २०२३पर्यंत २६,३१६ किलोमीटरची कामं दिली गेली आणि त्यांचीच मंजूर किंमत ८.४६ लाख कोटींवर पोचली. द्वारका एक्सप्रेसवेवर किलोमीटरला १८.२० कोटींऐवजी २५०.७७ कोटी. हिशोबाची रीतच चुकली, तो रस्ता बराचसा उन्नत आणि बोगद्यांचा आहे, असं मंत्रालयाने सांगितलं. त्या दिवसांत मी पेपरांतून कात्रणं काढत होतो. सगळी भांडणं त्या २५०वर. एवढ्या वाढीव पैशांतून पायी रस्ता ओलांडणाऱ्यासाठी किती अंडरपास झाले, हा प्रश्न माझ्या कात्रणांत एकदाही सापडला नाही.

आता तू म्हणशील, काका, पैशाचा आणि मरणाचा संबंध इतका सरळ नसतो. असतो. तुला जागेवर नेऊन दाखवतो. चौपदरीकरण झालेला महामार्ग, एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला शाळा आणि एसटीचा थांबा. मूळ आराखड्यात तिथे अंडरपास होता. काम चालू असताना ‘चेंज ऑफ स्कोप’मध्ये, म्हणजे कंत्राटातल्या कामाची व्याप्ती बदलताना, तो गेला, सेवा रस्ताही अर्ध्यावर संपला. गावकऱ्यांनी मग दुभाजकाचे दोन दगड काढून वाट केली. त्या फटीतून मी बाया डोक्यावर गवताचे भारे घेऊन जाताना पाहिल्यात. आधी दुभाजकावर उभ्या राहायच्या, मग पदर खोचून धावायच्या. तिथे कुणी मेलं की फिर्यादीत आरोपी चालक, दोष अतिवेगाचा किंवा मेलेल्याच्या निष्काळजीपणाचा. फिर्यादीत रस्ता कधी आरोपी नसतो. म्हणून राष्ट्रीय तक्त्यात अतिवेगाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या घरात जातो, आणि तोच तक्ता तुला उत्तर म्हणून परत येतो. तो अंडरपास वगळून किती रुपये वाचले ते कंत्राटाच्या फाइलीत आहे. किती माणसं गेली ते पोलिस ठाण्याच्या नोंदवहीत आहे. हे दोन कागद एकत्र मागण्याचा अधिकार तुझ्या खासदारांना आहे, तुझ्या डॅशबोर्डला नाही.

तेव्हा मसुदा असा कर. राष्ट्रीय महामार्ग ६६ धर, आपला मुंबई-गोवा, तो तुला घरचा आहे. (क) महाराष्ट्रातल्या प्रत्येक पॅकेजची, म्हणजे कंत्राटाला दिलेल्या टप्प्याची, मूळ मंजूर रक्कम, सुधारित रक्कम आणि आजवरचा खर्च. (ख) त्याच पॅकेजमधले गेल्या तीन वर्षांतले मृत्यू, चेनेजनिहाय, म्हणजे रस्त्याच्या कुठल्या किलोमीटरवर किती. (ग) व्याप्ती बदलून वगळलेले अंडरपास, पादचारी पूल, सेवा रस्ते आणि त्यातून वाचलेली रक्कम. (घ) सुरक्षा लेखापरीक्षणाच्या किती शिफारशी खर्चाचं कारण देऊन नाकारल्या. दीडशे शब्दांच्या आत बसवायचं. काही टप्पे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि बाकीचे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागामार्फत, त्यामुळे प्रत्येक पॅकेजपुढे यंत्रणेचं नाव माग, नाहीतर चेंडू या टोकाच्या पळस्पेपासून त्या टोकाच्या झारापपर्यंत टोलवला जाईल. समृद्धी महामार्ग यात घुसडू नकोस. तो राज्याचा रस्ता, त्याची जागा विधिमंडळात.

अपघातप्रवण ठिकाणांबद्दल विचारशील तेव्हाही सावध राहा. साधारण पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले की ते ठिकाण यादीत येतं. ‘सुधारणा केली’ म्हणजे कधी उड्डाणपूल, तर कधी एक पाटी आणि चार रंबल पट्ट्या. तात्पुरती किती, कायमची किती, आणि प्रत्येकीवर किती रुपये, हे फोडून माग. पुन्हा तेच सांगतोय, माहीत आहे मला. रुपये आणि माणसं, एकाच तक्त्यात.

आणि उत्तर आलं की ‘माहिती संकलित केली जात आहे’, तर रडत बसू नकोस. ते वाक्य आश्वासन समजलं जातं. शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते, तीन महिन्यांत पूर्तता अपेक्षित असते. माझ्या अनुभवात सगळ्यात कामाचे कागद तिथूनच हाती आले, उशिरा का होईना.

मंत्र्यांवरचा तुझा राग मला पटत नाही. गडकरींनी डिसेंबर २०२४मध्ये लोकसभेत उघड सांगितलं की अपघात कमी झाले नाहीत, वाढले, आणि परदेशातल्या परिषदांमध्ये तोंड लपवावंसं वाटतं. इतकं स्पष्ट बोलणारा मंत्री विरळा. पण तोंडी कबुलीला चेनेज नसतो, तो लेखी उत्तरातच काढून घ्यावा लागतो. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं, त्यात सदोष आराखडा वा बांधकामासाठी ठेकेदाराला, सल्लागाराला दंड आहे. किती? जास्तीत जास्त एक लाख. कोट्यवधींच्या किलोमीटरला एक लाख! तो तरी आजवर कुणाला आणि कुठल्या पॅकेजवर झाला, हा तुझा पुढचा प्रश्न.

तू विचारलंस, एवढं करून तुमच्या हाती काय लागलं. टोमणा होता की कुतूहल, कळलं नाही. एका खासदारांनी मला सांगितलं होतं, तक्ते नकोत, शून्य प्रहरात वाचायला दोन जळजळीत वाक्यं द्या. मी नाही दिली. त्यांनी दुसरा माणूस ठेवला. त्याची वाक्यं बातम्यांत झळकली, माझे तक्ते ग्रंथालयात राहिले. तिथून ते एका जनहित याचिकेत पोचले आणि अंडरपास झाला, असली गोष्ट माझ्याकडे नाही. पण पुन्हा कुणी सांगितलं तरी मी तक्ताच देईन. हट्ट म्हण. मेलेल्या माणसाचा चेनेज नोंदीत राहिला की पुढच्या सुधारित अंदाजपत्रकावर सही करणाऱ्याला तो कधीतरी दाखवता येतो. जळजळीत वाक्य कुणाला दाखवणार?

पुढच्या अधिवेशनाच्या प्रश्नांना किमान पंधरा दिवस आधी सूचना लागते, तेव्हा नोकरीचा निर्णय आठवडाभर बाजूला ठेव आणि मसुदा पाठव. (ग) भाग जपून लिही, तिथेच ते ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणतील. पॅकेजांची नावं निविदेतल्यासारखीच घाल.

तुझा,
काका