लिलावातली जुनी कॅमॅरो खरी की नंतर बनवलेली?

या वेळी बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे, साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन मसल कार (मोठ्या, ताकदवान इंजिनच्या गाड्या) आणि लिलावात त्यांची खात्री कशी करायची. म्हणून सगळी पत्रं एकत्रच घेतोय.

प्रश्न : आम्ही मिशिगनमध्ये राहतो. नवऱ्याला जुन्या गाड्यांचं प्रचंड वेड. एका लिलावात १९६९ ची शेवरले कॅमॅरो झेड/२८ (कॅमॅरोचीच जास्त ताकदवान आवृत्ती) येतेय, कॅटलॉगमध्ये ‘नंबर्स मॅचिंग, एक्स ३३’ (म्हणजे ढोबळमानाने इंजिनचा नंबर गाडीशी जुळतो) असं लिहिलंय. व्हिन नंबर (गाडीचा कारखान्याचा ओळख क्रमांक) आम्ही ऑनलाइन तपासला तर व्ही-८ गाडी आहे असं येतंय. एवढं पुरेसं आहे ना?

नाही हो ताई, एवढ्यावर पैसे लावू नका. व्हिन नंबरनं फक्त एवढंच सांगितलंय की गाडी व्ही-८ म्हणजे आठ सिलेंडरची आहे, ती झेड/२८ आहे हे त्यात कुठेच नसतं. त्या वर्षीच्या कॅमॅरोचा नंबर १२४३७९एन असा सुरू होतो, त्यातला १ म्हणजे शेवरले, २४ म्हणजे व्ही-८ कॅमॅरो (सहा सिलेंडरची असली तर २३), ३७ म्हणजे कूपे (दोन दारांची, पक्क्या छताची), ९ म्हणजे १९६९ आणि एन म्हणजे ओहायोतला नॉरवूडचा कारखाना, एल असेल तर लॉस एंजेलिसकडचा व्हॅन नाइस. पुढे नुसता अनुक्रम. म्हणजे साधी व्ही-८ कूपे आणि झेड/२८ यांचे नंबर अगदी एकसारखे सुरू होतात, आणि नेमकं म्हणूनच साध्या गाडीला पट्टे मारून, बॅज लावून, ३०२ घन इंचांचं इंजिन घालून झेड/२८ ‘बनवणं’ इतकी वर्षं चाललंय. अस्सल झेड/२८ त्या वर्षी २०,३०२ निघाल्या, तेव्हा ही काही हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी गाडी नाही, पण साध्या कॅमॅरोच्या आणि तिच्या किमतीत एवढा फरक आहे की लोकांना मोह होतोच.

आता एक्स ३३. हा कोड फायरवॉलवर (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा) रिव्हेट केलेल्या छोट्या पाटीवर असतो, तिला काउल टॅग म्हणतात. नॉरवूडमध्ये साधारण डिसेंबर १९६८ पासून हे एक्स कोड मारायला लागले, त्यात एक्स ३३ आणि एक्स ७७ हे झेड/२८ चे. लॉस एंजेलिसच्या गाड्यांवर एक्स कोड नसतातच! त्यामुळे व्हिनमध्ये एल आणि टॅगवर एक्स ३३ दिसलं तर पाटी नंतर लावलेली आहे, तिथून सरळ पुढच्या गाडीकडे जा. उलटंही लक्षात ठेवा, एलवाल्या गाडीवर एक्स कोड नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, तिला फक्त दुसरे पुरावे लागतात. आणि एन आणि एक्स ३३ दोन्ही बरोबर असले तरी काउल टॅग नव्यानं बनवून मिळतात हे विसरू नका, म्हणून टॅग हा एकटा पुरावा धरायचाच नाही.

मग करायचं काय, तर गाडीत काय असूच शकत नाही ते आधी बघा, हे सगळ्यात सोपं. झेड/२८ फक्त चार गिअरच्या मॅन्युअल गिअरबॉक्सनंच मिळायची, पुढे डिस्क ब्रेक घ्यावेच लागायचे, आणि कंपनीचा एसी मिळतच नव्हता. तर फायरवॉलवर कंपनीच्या एसीच्या जागा कापलेल्या दिसल्या, किंवा ऑटोमॅटिकच्या खुणा सापडल्या, तर विषय संपला. १९६९ मध्ये झेड/२८ कन्व्हर्टिबलही (उघडणाऱ्या छताची) नव्हती, त्यामुळे नंबरमध्ये ३७ च्या जागी ६७ असेल तरी तेच.

कागदांचं म्हणाल तर जमीन घेताना आपण नुसता आजचा सातबारा बघत नाही, मागचे फेरफारही काढतो, तसंच इथे करायचं. पहिल्या मालकाचं बिल, खिडकीवरचा किमतीचा कागद, प्रोटेक्ट-ओ-प्लेट (वॉरंटीच्या पुस्तिकेत लावलेली धातूची छोटी पट्टी, तिच्यावर गाडीचा नंबर आणि इंजिनचा कोड उमटवलेला असायचा) हे सगळं मागा, पण ही पट्टीसुद्धा नव्यानं बनवतात, म्हणून ती कुणाच्या हातून कुणाकडे आली ते विचारा. एनसीआरएस म्हणजे कॉर्व्हेटवाल्यांची जी संस्था आहे ती गाडी मुळात कुठल्या डीलरकडे गेली त्याचा शिपिंग रिपोर्ट देते, त्यातून ऑप्शन (गाडीबरोबर मागवलेल्या जादा गोष्टी) कळत नाहीत पण विक्रेत्याची गोष्ट खरी की रचलेली ते बरंच कळतं. गाडी मुळात कॅनडात विकली गेली असेल तर नशीबच, कारण जीएम कॅनडानं जुनी रेकॉर्ड्स ठेवली आहेत आणि ते ऑप्शनसकट कागद देतात. अमेरिकेत विकलेल्या त्या काळच्या शेवरलेंसाठी कंपनीकडे असं गाडीवार काही नाही, आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर खात्री करायला सगळ्यात अवघड गाड्या शेवरलेच्याच.

प्रश्न : इंजिनवरचा नंबर पुन्हा मारलेला म्हणजे रीस्टॅम्प आहे हे डोळ्यांनी ओळखता येतं का? मी पिंपरीत इंजिन रीबिल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये काम करतो, हे फार ऐकलंय.

तुमच्यासारख्या माणसाला नक्की येईल, कारण हा सगळा मशीनिंगचा खेळ आहे. शेवरले व्ही-८ च्या पुढच्या बाजूला, ड्रायव्हरच्या उजवीकडच्या हेडच्या अगदी पुढे ब्लॉकची छोटी सपाट जागा दिसते, तिला पॅड म्हणतात. कारखान्यात ब्लॉकचा वरचा भाग ब्रोच मशीननं घासला जायचा तेव्हा या पॅडवरही बारीक समांतर रेषा पडायच्या, पुढून मागे जाणाऱ्या, आणि अक्षरं त्यानंतर मारली जायची. म्हणजे अस्सल पॅडवर रेषा आहेत आणि अक्षरं त्या रेषांना कापून खाली गेलेली आहेत. पॅड आरशासारखा गुळगुळीत असेल, रेषा आडव्या किंवा गोल गेलेल्या असतील, किंवा अक्षरांच्या कडांवरून नंतर रेघोट्या ओढलेल्या दिसत असतील तर कुणीतरी हात मारलाय. नुसतं ब्लॉक डेकिंग (ब्लॉकचा वरचा भाग पुन्हा घासणं) करून घेतलं तरी या रेषा जातात हे तुम्हाला सांगायला नकोच, म्हणजे गुळगुळीत पॅड ही लबाडीच असते असं नाही, पण मग तो नंबर पुरावा म्हणून उरत नाही, एवढं नक्की.

पॅडवर उदाहरणार्थ व्ही०४१०डीझेड असं असेल तर व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०४१० म्हणजे १० एप्रिल आणि डीझेड म्हणजे १९६९ च्या झेड/२८ चं ३०२. याशिवाय गाडीच्या व्हिनचा छोटा तुकडा, १९एन आणि पुढचा अनुक्रम, कधी पॅडवरच तर कधी ऑइल फिल्टरजवळ मारलेला असतो. आता बेलहाउसिंगच्या (इंजिनच्या मागे गिअरबॉक्स जोडतात तो भाग) बाजूला ब्लॉकवर ओतकामाची तारीख उठावात असते, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी असं पुढे. ब्लॉक आधी ओतला जातो, मग इंजिन जुळतं, मग ते गाडीत बसतं. काउल टॅगवर ०४सी म्हणजे एप्रिलचा तिसरा आठवडा असेल आणि ब्लॉक मेमध्ये ओतलेला निघाला तर ते इंजिन त्या गाडीत जन्मलेलंच नाही, मग नंबर कितीही सुंदर मारलेला असू दे. रीस्टॅम्प करणारे इथेच सापडतात, कारण पॅड घासता येतो पण उठावातली तारीख बदलायला फार उद्योग करावा लागतो. गिअरबॉक्सच्या केसवरही व्हिनचा तुकडा असतो, तो बघा. आणि बॉडीवरसुद्धा, काउलच्या (पुढच्या काचेखालच्या पत्र्याच्या) जाळीखाली आणि फायरवॉलवर हीटरच्या डब्यामागे लपवून मारलेले नंबर असतात, लोक इंजिनवर टॉर्च मारतात आणि हे बघायचं राहून जातं.

प्रश्न : ह्यूस्टनहून लिहितोय. १९७० ची हेमी कुडा (क्रायस्लरची हेमी इंजिनवाली प्लिमथ बॅराकुडा) घ्यायची माझी आणि भावाची जुनी इच्छा आहे. तिचा व्हिन तरी इंजिन सांगतो ना?

सांगतो, हा क्रायस्लरचा मोठा फायदा. नंबर बीएस२३आर०बी असा सुरू झाला पाहिजे, बी म्हणजे बॅराकुडा, एस किमतीचा वर्ग, २३ हार्डटॉप (कन्व्हर्टिबलला २७), आर म्हणजे ४२६ हेमी, शून्य म्हणजे १९७० आणि बी म्हणजे हॅमट्रॅम्कचा कारखाना, डेट्रॉइटला लागूनच. पाचवं अक्षर आर नसेल तर पुढचं काही ऐकू नका. डाव्या फेंडरच्या आत फेंडर टॅग असतो, त्यावर ई७४ म्हणजे हेमी, डी२१ म्हणजे चार गिअर मॅन्युअल, डी३२ ऑटोमॅटिक, आणि रंगाचा कोडही. मागच्या सीटच्या स्प्रिंगांत किंवा कार्पेटखाली बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं त्याची कारखान्यातली यादी) सापडते कधीकधी, उंदरांनी कुरतडलेली, पिवळी पडलेली, पण वाचता आली तर सोनं.

धोका दुसरीकडे आहे. इथे नंबर इतका बोलतो म्हणून लबाडी नंबरावरच होते, एखाद्या सडलेल्या हेमीचा व्हिन आणि टॅग काढून साध्या बॅराकुडाच्या बॉडीवर लावायचा. १९७० मध्ये हेमी कुडा ६५२ हार्डटॉप आणि १४ कन्व्हर्टिबल एवढ्याच निघाल्या, आणि १९७१ ची एक हेमी कन्व्हर्टिबल २०१४ मध्ये मेकम या लिलाव कंपनीच्या सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली, तर मोह किती असेल बघा. म्हणून डॅशवरच्या पाटीचे रिव्हेट बघा (फुलाच्या पाकळ्यांसारखं डोकं असलेले), आणि रेडिएटर सपोर्टवर आणि काउलवर मारलेले व्हिनचे तुकडे पाटीशी जुळवा. ते नसतील, किंवा तिथे वेल्डिंग आणि नवा पत्रा असेल तर थांबा. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात व्हिनशी छेडछाड हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे आणि अशी गाडी जप्तही होऊ शकते, तुम्ही कितीही प्रामाणिकपणे घेतलेली असली तरी. मोपारमध्ये म्हणजे क्रायस्लरच्या गाड्यांच्या दुनियेत गेलन गोव्हियर हे नाव मोठं, त्यांच्या तपासणीचा कागद असेल तर चांगलंच, पण तो किती जुना आहे आणि त्यानंतर गाडीचं काय काय झालं ते विचारा.

प्रश्न : सगळ्याच कंपन्यांचं एवढं किचकट आहे का? मला पाँटियाक जीटीओ फार आवडते. (नाशिक)

नाही. पाँटियाकचं तर सगळ्यात छान, पीएचएस म्हणजे पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे १९६१ पासूनच्या गाड्यांचे कारखान्याचे मूळ इनव्हॉइस आहेत, व्हिन द्या, पैसे भरा, कागद येतो. फक्त १९६४-६५ ची जीटीओ ही पाँटियाकच्याच लेमान्सवरचा ऑप्शन होती म्हणून तिचा व्हिन लेमान्सचाच दिसतो, १९६६ ते १९७१ मध्ये २४२ आला की जीटीओ. फोर्डच्या गाड्यांचे असे रिपोर्ट केव्हिन मार्टी देतात, १९६७ पासूनचा फोर्डचा डेटा त्यांच्याकडे आहे, आणि फोर्डच्या व्हिनमध्ये इंजिनचा कोडही असतो, मस्टँगच्या बॉस ४२९ ला झेड, बॉस ३०२ ला जी. या दोन कंपन्यांच्या गाडीबरोबर विक्रेत्यानं हे रिपोर्ट ठेवलेच नसतील तर स्वतः मागवा, खर्च अगदी किरकोळ आहे.

प्रश्न : लिलावाच्या दिवशी काय काळजी घ्यायची? (न्यू जर्सी)

त्या दिवशी काही नाही, जे करायचं ते आधी. गाडी ‘आहे तशी’ विकली जाते आणि हातोडा पडला की ती तुमची, वर साधारण दहा टक्के बायर्स प्रीमियम (खरेदीदाराकडून घेतलं जाणारं लिलाव कंपनीचं कमिशन). प्रिव्ह्यूच्या दिवशी त्या मॉडेलचा माहीतगार माणूस पैसे देऊन न्या, गाडी लिफ्टवर घेता येते का विचारा. कॅटलॉगची भाषा नीट वाचा. ‘ट्रिब्यूट’ किंवा ‘क्लोन’ (म्हणजे नंतर बनवलेली नक्कल) लिहिणारा खरं बोलतोय, त्याच्याबद्दल मला आदर आहे. ‘डेट कोड करेक्ट’ म्हणजे तारखा जुळणारं दुसरं इंजिन. आणि ‘नंबर्स मॅचिंग’ला ठरलेली व्याख्या नाही, म्हणून विक्रेत्याला सरळ विचारा की हाच ब्लॉक या गाडीत कारखान्यात बसला होता का, आणि उत्तर लेखी घ्या. लेखी द्यायला टाळाटाळ झाली तर बोली लावू नका, स्टेजवर दिवे, आवाज, शेजारी ओरडणारी माणसं, त्या गर्दीत शंका विसरायला होते.

प्रश्न : अशी गाडी पुण्याला आणून व्हिंटेज म्हणून रजिस्टर करता येईल का?

२०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, आणि रोजच्या वापराला परवानगी नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. पण वर लिहिलेलं सगळं इथे कामाला येतं, कारण गाडी मूळ स्वरूपात असावी, चेसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. साध्या गाडीवर दुसरं इंजिन आणि दुसऱ्या गाडीच्या पाट्या लावलेला माल तिथे अडकू शकतो, आणि तोपर्यंत तुमचे जहाजाचे आणि ड्युटीचे पैसे गेलेले असतील. म्हणून गाडी कंटेनरमध्ये चढायच्या आधी व्हिन, इंजिन पॅड आणि बॉडीवरचे लपलेले नंबर यांचे स्पष्ट फोटो काढून फाइल करा आणि आयातीचे चालू नियम कस्टम हाऊस एजंटकडून लेखी घ्या.