गाडी उभी, खर्च चालू : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात हिंदमाताजवळ गाडी पाण्यात बंद पडली. शेजारी म्हणाले, दोन-तीनदा सेल्फ मारला की सुरू होते. तशी झालीही. यंदा पुन्हा वेळ आली तर हेच करावं का? सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, फुल इन्शुरन्स आहे. (परळ)

उत्तर : नाही. गेल्या वर्षी सुरू झाली ती नशिबाने. पाणी बहुधा फक्त इग्निशनच्या वायरिंगपर्यंत गेलं असावं. पाण्यात बंद पडलेल्या गाडीचं इंजिन बरेचदा शाबूत असतं. ते जातं त्यानंतर मारलेल्या सेल्फने.

पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. एअर फिल्टरच्या पाइपातून थोडं पाणी आत गेलेलं असलं आणि तुम्ही किल्ली फिरवली, की कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन चालू असताना पाणी आत ओढलं गेलं तर रॉड कधी ब्लॉक फोडून बाहेरही येतो. मेकॅनिक याला हायड्रोलॉक म्हणतात. बऱ्याच हॅचबॅकमध्ये हवा आत घेणारं तोंड हेडलाइटच्या मागे असतं. ते रस्त्यावरच्या पाण्यापेक्षा उंच वाटतं खरं, पण समोरून बेस्टची बस आली की तिची लाट थेट बॉनेटला धडकते. त्यामुळे पाणी चाकाच्या मध्यापर्यंत पोचलेलं दिसलं तर गाडी घालूच नका.

बंद पडलीच, तर इग्निशन बंद करा, न्यूट्रलला टाका आणि ढकलून उंचावर घ्या. गाडी ऑटोमॅटिक असेल तर दोरी बांधून ओढत नेऊ नका, फ्लॅटबेडच (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा. पाणी उतरल्यावर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. दारावर आणि सीटवर पाण्याची रेघ दिसतेय तोवर फोटो काढा, इन्शुरन्स कंपनीला कळवा आणि कंपनीचा सर्व्हेयर (नुकसान तपासणारा माणूस) येईपर्यंत इंजिन उघडू देऊ नका.

गॅरेजमध्ये पहिली उघडायची ती एअर फिल्टरची डबी. कागद कोरडा असेल तर निम्मी काळजी मिटली. ओला असेल तर सगळे स्पार्क प्लग काढून, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन-तीन फेरे फिरवायचं. पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर पडतं. मग डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, थोडा वेळ इंजिन चालवा आणि पुन्हा एकदा बदला. गिअरबॉक्सचं ऑइलही तपासून घ्या.

लोक विसरतात तो कार्पेट. वरून तो दोन दिवसांत सुकतो, पण खालचा फोम महिनाभर ओला राहतो आणि वायरिंगचे कनेक्टर त्याच्याच खाली असतात. सीट काढून, फोम उचलून सुकवा. नाहीतर दिवाळीच्या सुमारास डॅशबोर्डवर एकेक दिवे लागायला लागतात आणि कारण कुणालाच सापडत नाही.

राहिला ‘फुल इन्शुरन्स’. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण पाण्यात सेल्फ मारून इंजिन गेलं तर कंपनी ते नंतर ओढवून घेतलेलं नुकसान ठरवते आणि क्लेम नाकारते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे अ‍ॅड-ऑन लागतं. झीरो डेप (बदललेल्या भागांची घसारा न कापता भरपाई देणारं अ‍ॅड-ऑन) वेगळं, हे वेगळं. काही कंपन्या जुन्या गाडीला ते देत नाहीत, म्हणून रिन्यूअलच्या वेळीच विचारा.

प्रश्न : रोज लोकलने जातो, गाडी फक्त रविवारी मुलुंडला सासुरवाडीपर्यंत. चौदा महिन्यांत दुसरी बॅटरी गेली. दुकानदार म्हणतो, या वेळी मोठी टाका. (भांडुप)

उत्तर : बॅटरी मोठी केली तरी भरणारा अल्टरनेटर तोच आणि तुमचा रविवारही तोच. पैसे वाया जातील.

हिशोब करून बघा. कुलूप लावून उभी असलेली गाडीही थोडा करंट खात असते : रिमोट लॉक, घड्याळ, अलार्म, ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) मेमरी. हा करंट ३० मिलिअँपिअर धरला तर आठवड्याला सुमारे ५ अँपिअर-अवर होतात. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असेल तर सातवा हिस्सा उभ्या उभ्या गेला. वर सेल्फचा भार, एसी, हेडलाइट आणि चार-पाच किलोमीटरचं अंतर. गेलेलं भरून निघत नाही. सतत अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट चढतं आणि ती वेळेआधी मरते.

साधा मल्टिमीटर आणा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच. इंजिन चालू करून १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर ठीक आहे. मग चोरून खाणारं काही आहे का ते बघा. निगेटिव्ह वायर काढून मीटर १० अँपिअरवर मध्ये जोडा, दारं बंद करा आणि गाडीतले कंट्रोल युनिट झोपी जायला अर्धा तास द्या. आकडा ५० मिलिअँपिअरच्या वर राहिला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या सर्किटमध्ये चोर आहे. बहुतेकदा बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस किंवा म्युझिक सिस्टिम निघते. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

उपाय दोन. आठवड्यातून एकदा पहाटे, रस्ता मोकळा असताना, पूर्व द्रुतगती मार्गावर पाऊण तास सलग चालवा. तेही जमत नसेल तर घरी चार्जर लावा. सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून काही साधत नाही. बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचून गंज चढतो. गावाला पंधरा दिवस जाणार असाल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. हो, आठवडाभर उभ्या गाडीचं बॉनेट चालवण्याआधी एकदा उघडून बघत जा. उंदरांना ती जागा आपल्याइतकीच आवडते.

प्रश्न : डिझेल गाडी नऊ वर्षांची आहे. दहा झाली की भंगारात काढावी लागते असा मेसेज आलाय. आत्ताच विकावी का? (गिरगाव)

उत्तर : तो दहा वर्षांचा विषय दिल्ली आणि राजधानी क्षेत्राचा आहे. मुंबईत खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासणी आणि हरित कर भरून ती पाच वर्षांनी वाढवता येते. घाबरून विकलीत तर फायदा फक्त दलालाचा.

प्रश्न : एसी हायवेला थंड, सिग्नलला गरम. दर एप्रिलमध्ये गॅस भरतो, पुढच्या एप्रिलपर्यंत संपतो. (वर्सोवा)

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एकत्र करू नका.

सिग्नलला गरम होतो तो बहुधा कंडेन्सरच्या (एसीची उष्णता बाहेर टाकणारी समोरची जाळी) पंख्यामुळे. हायवेला वारा समोरून येतो, तिथे पंखा नसला तरी भागतं. एसी लावून बॉनेट उघडा आणि हात लांब ठेवून बघा, पंखा फिरतोय का. नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, शेवटी मोटर. फिरत असेल तर कंडेन्सरच्या जाळीत धूळ आणि कचरा अडकला असेल. साध्या नळाच्या पाण्याने, इंजिनच्या बाजूने बाहेर धुवा. प्रेशर गनने पात्या वाकतात.

आता गॅस. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. दरवर्षी ‘संपतो’ याचा अर्थ गळतो, आणि गळती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी. वर्सोव्यासारख्या ठिकाणी पहिला संशय कंडेन्सरवर, कारण खाऱ्या हवेने त्याचं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. मग जोडांवरच्या रबरी रिंगा, गॅस भरायच्या व्हॉल्व्हचं टोपण, कॉम्प्रेसरचं सील आणि सर्वांत त्रासाची म्हणजे डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल. गळतीच्या जागी तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं ऑइलही बाहेर येतं. खरा धोका तिथे आहे. ऑइल कमी होऊन कॉम्प्रेसर जाम झाला की त्याचे कण सगळ्या नळ्यांत पसरतात आणि खर्च कॉम्प्रेसरपुरता राहत नाही.

मेकॅनिकला सांगा : आधी नायट्रोजनने प्रेशर टेस्ट आणि साबणाचं पाणी. दुरुस्तीनंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढणं. पंप बंद केल्यावर गेजचा काटा जागचा हलता कामा नये. मग गॅस वजनाने भरायचा. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात. गेज बघून अंदाजाने भरणाऱ्याकडे जाऊ नका, गॅस जास्त झाला तरी थंडावा कमीच होतो. गळती बंद करणारं लिक्विड टाकतो म्हणाला तर गाडी परत घ्या.

प्रश्न : ठाण्याची, एमएच-०४ नंबरची सेकंडहँड गाडी घेतोय. विकणारे म्हणतात, इन्शुरन्सला ५० टक्के बोनस आहे, तो तुम्हालाच. (बोरिवली)

उत्तर : नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो त्यांच्याकडेच राहणार. पॉलिसी नावावर करताना फरक तुम्हाला भरावा लागेल. १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करा, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकेल.

गाडी नावावर करायला आरटीओसाठी फॉर्म २९ आणि ३०. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा काढायला फॉर्म ३५. राज्य एकच असल्याने नंबर बदलत नाही. पैसे देण्याआधी ई-चलन थकलंय का ते तपासा. नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही हवी : आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलंय.

गाडी पुरात गेली होती का, हे रंगावरून कळत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा; टोकाला मातकट डाग असेल तर संशय घ्या. सीटच्या रेलचे बोल्ट आणि स्टेपनीखालचा खड्डा गंजलेला असेल तर दुसरी गाडी बघा.

प्रश्न : गाडी सीएनजीवरच चालवतो, पेट्रोलचा काटा कायम तळाला. आता सकाळी सुरूच होत नाही. (कुर्ला)

उत्तर : बहुतेक सीएनजी गाड्या सकाळी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. पेट्रोलचा पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी कोरडी ठेवली की तो जळतो. किल्ली फक्त ऑनला फिरवून कान द्या. मागच्या सीटखालून दोन सेकंद घूं असा आवाज आला नाही तर आधी फ्यूज आणि रिले बघा, मग पंप. नवा बसवल्यावर किमान आठ-दहा लिटर कायम ठेवा आणि आठवड्यातून एकदा दहाएक किलोमीटर पेट्रोलवर चालवा, म्हणजे इंजेक्टरही चोंदणार नाहीत. बॉनेट उघडलंच आहे तर कम्प्लायन्स प्लेटवरची (सीएनजी सिलिंडरच्या तपासणीची नोंद असलेली पट्टी) तारीख बघून घ्या. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी) दर तीन वर्षांनी लागते आणि ती चुकली असेल तर पंपावर गॅस भरून देत नाहीत.